पृष्ठ चौऱ्याऐंशीवरचे चौघे

मशिदीच्या फाटकापासून तिसरं दुकान बाइंडरचाचांचं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागच्या दोन खोल्यांत संसार. बाहेरच्या पाटीवर एके काळी बरंच काही लिहिलेलं होतं. आता ‘बाइंडिंग’ एवढाच शब्द वाचता येतो, आणि तेवढा पुरतो. आत एक लांब टेबल. त्यावर पानं दाबून धरायचा लोखंडी शिकंजा, दाभण, दोऱ्याची रिळं, पुठ्ठ्यांची चळत आणि पितळेच्या डब्यात मैद्याची खळ. ही खळ चाचा रोज सकाळी स्वतः शिजवतात. बायकोला हात लावू देत नाहीत. गुठळ्या होतात म्हणे. त्यावर बायकोचं म्हणणं असं, की पस्तीस वर्षं या घरात सगळं तीच शिजवते आणि माणूस निमूट गिळतो. गुठळी दिसते ती नेमकी खळीतच.

चाचा सत्तावन्न वर्षांचे. वडिलांचाच धंदा त्यांनी पुढे चालवला आणि वडिलांची एकच शिकवण पाळली: पानं मोजायची, वाचायची नाहीत. दुसऱ्याचं पुस्तक म्हणजे दुसऱ्याचं घर. दार लावून द्यायचं, आत डोकवायचं नाही.

दुकानाची जागा मात्र अशी, की दुसऱ्यांनाच चाचांच्या घरात डोकवायची सोय झाली. रस्त्याच्या एका टोकाला विद्यापीठ आणि दुसऱ्या टोकाला वस्ती. विद्यापीठातून ‘मुस्लिम समाज आणि राजकारण’ अभ्यासायला निघालेल्या माणसाला पहिली सावली, पहिलं स्टूल आणि पहिला बोलका माणूस इथेच मिळायचा. शिवाय अभ्यास संपल्यावर प्रबंध बांधायलाही इथेच यायचं असल्यामुळे ओळख आधीच करून ठेवलेली बरी. निवडणूक जवळ आली की बाकी रस्त्यांवर भोंगे लागतात. या रस्त्यावर संशोधक उगवतात.

गेल्या पंधरा वर्षांत चाचांना किती जणांनी विचारलं त्याची गणती नाही. एकानं विचारलं, मुसलमान एकगठ्ठा मतदान करतात का? चाचा म्हणाले, "गठ्ठे बांधण्यात माझा जन्म गेला. सैल पानं एका गठ्ठ्यात राहत नाहीत, साहेब. माझ्या घरात चार मतं आहेत, आणि त्यातलं एक कुणाला पडतं ते देणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी आठवत नाही." दुसऱ्यानं विचारलं, तुम्ही आधी मुसलमान की आधी नागरिक? चाचा म्हणाले, "आधी बाइंडर. तुमचा प्रबंध सोमवारी हवाय ना?" संशोधक हसायचे, भराभर लिहून घ्यायचे, आणि चाचा हरभऱ्याच्या झाडावर आणखी एक फांदी वर चढायचे.

त्यांना दोष तरी कसा द्यायचा? त्यांच्या वडिलांनी चाळीस वर्षं शहाण्या माणसांची पुस्तकं बांधली. त्या शहाण्यांनी त्यांना आयुष्यभर एकच प्रश्न विचारला: "कधी मिळेल?" मुलाला मात्र खुर्ची ओढून, वही उघडून, आदबीनं विचारत होते, की वस्तीतल्या लोकांना काय वाटतं? आता नुसतं ‘तुम्हाला काय वाटतं’ विचारलं तर माणूस आपलं सांगतो आणि मोकळा होतो. ‘लोकांना काय वाटतं’ विचारलं की तो पाठ ताठ करतो, घसा खाकरतो आणि अख्ख्या वस्तीचा मुखत्यार होऊन बसतो. शेजारपाजारचे त्यांना पाठीमागे ‘नमुना’ म्हणत. पाहणीवाले ज्याला नमुना म्हणतात तो हाच, असा वर खुलासाही करत.

इमामसाहेबांचीही तक्रार होतीच. "अरे, धर्माबद्दल विचारायला आलेली माणसं माझ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. मी नमाज संपवून बाहेर येतो तोवर तुझ्याकडे त्यांचा चहा झालेला असतो आणि इस्लामही."

प्रश्न अवघड आला की चाचांकडे एक ठेवणीतलं वाक्य होतं. कायदा बदलावा का? तरुण पोरं वेगळं बोलतात, त्याचं काय? मुलींनी संध्याकाळी शिकायला बाहेर पडावं का? चाचा ब्रश डब्याच्या काठाला पुसत आणि म्हणत, "काळ बदलतोय, बदलू दे. पण खळ ओली असताना पान उलटू नये." ऐकणारा ते जसंच्या तसं उतरवून घेई. वाक्य होतंच तसं वजनदार. त्याचा नेमका अर्थ काय, हे कुणी विचारत नसे. चाचांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

आता सुनेकडे येऊ, कारण गोष्ट तिची आहे, चाचा फक्त तिच्या वाटेत बसलेले आहेत.

सून सकाळी नऊ ते साडेपाच एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. तिला प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची परीक्षा द्यायची होती. घरी दोन मुलं, दोन खोल्या आणि शिवणीसाठी ताणून बसवलेले फर्मे, म्हणजे पानांच्या घड्या. वही उघडावी तर तिच्यावर कुणाचा तरी पुठ्ठा वाळत घातलेला. कोपऱ्यावर नगरपालिकेचं वाचनालय होतं, पण ते सहाला बंद. मग तिनं वस्तीतल्या तेवीस जणींच्या सह्या गोळा केल्या आणि अर्ज दिला, की आठवड्यातल्या काही संध्याकाळी वाचनालय साडेआठपर्यंत उघडं ठेवावं. नगरपालिकेचा अधिकारी सज्जन होता, म्हणजे त्यानं लगेच नाही म्हटलं नाही. "विद्यापीठाचा मोठा अहवाल येतोय," तो म्हणाला, "मुस्लिम वस्त्या आणि स्थानिक राजकारण, पंधरा वर्षांचा अभ्यास. वस्तीला काय हवंय ते त्यात येईल. शुक्रवारच्या बैठकीत तोच समोर ठेवून ठरवू."

आणि त्याच आठवड्याच्या सोमवारी त्या अहवालाच्या अकरा प्रती सुट्या पानांच्या गठ्ठ्यांत चाचांच्याच टेबलावर येऊन पडल्या. गुरुवारी संध्याकाळपर्यंत बांधून हव्या होत्या.

त्या दिवशी सुनेला सुट्टी होती. ती पानं लावायला बसली. पानं वाचायची नाहीत ही शिकवण तिच्या सासऱ्याची, तिची नव्हे. बराच वेळ खोलीत नुसती कागदांची सळसळ होती. मग ती थांबली.

"अब्बा, हा पृष्ठ चौऱ्याऐंशीवरचा दुकानदार कोण असेल हो? वय बेचाळीस."

"मला काय ठाऊक. असेल कुणीतरी."

"तो म्हणतो, मुलींनी शिकावं, पण संध्याकाळी बाहेर पडायची घाई नको. खळ ओली असताना पान उलटू नये."

चाचांचा ब्रश जागच्या जागी राहिला.

"त्याच्याखाली एक कारागीर आहे, सत्तेचाळीस वर्षांचा. तोही तेच म्हणतो. मग मशीद समितीचा एक माजी सदस्य, वय एक्कावन्न. त्यालाही खळीचं फार. आणि शेवटी एक ज्येष्ठ रहिवासी, छप्पन्न." तिनं पान टेबलावर ठेवलं. "या चौघांच्याही घरी खळ शिजते का, अब्बा?"

आतल्या खोलीतून बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिला वाचून दाखवायची गरज पडली नाही.

"मी आपलं सहज बोललो होतो," चाचा म्हणाले.

"चौघेही सहजच बोललेत," सून म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि तेच चाचांना जड गेलं. "पुढे काय लिहिलंय ऐका. ‘वेगवेगळ्या वयाच्या आणि व्यवसायाच्या चार उत्तरदात्यांनी एकमेकांशी संबंध नसताना एकच म्हण वापरली. यावरून हे वस्तीतलं रूढ लोकमत दिसतं. स्त्रियांसाठी सायंकालीन सोयींची मागणी तूर्त आढळत नाही.’ आमच्या तेवीस सह्या खऱ्या, पण तुम्ही एकटे चार आहात आणि वर म्हणसुद्धा झालात."

"समिती सोडूनही आठ वर्षं झाली," चाचा पुटपुटले. जणू मुद्दा तो होता.

"तुमच्या तोंडावरच खळ लावायला हवी होती," बायको म्हणाली. "एक रात्र तरी बंद राहिलं असतं."

दुपारी एकटे असताना चाचांनी पृष्ठ चौऱ्याऐंशी हातात धरून पाहिलं. बाइंडिंगमध्ये एखादं पान गळणं काही जगावेगळं नाही. अकरा प्रती, अकरा कागद. कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यांच्या स्वतःच्या बापाला मात्र कळलं असतं. शिवाय पान गेलं तरी ते चौघे कुठे जाणार होते? विद्यापीठाच्या कपाटात ते सुखानं नांदत राहिले असते, आणि दर पाच वर्षांनी त्यांच्यात एकाची भर पडली असती. त्यांनी पान परत जागेवर लावलं, धुतलेला सदरा घातला आणि विद्यापीठाची वाट धरली.

ज्या विभागाचे प्रबंध त्यांनी वीस वर्षं बांधले, त्याच्या आत ते पहिल्यांदाच शिरत होते. आजवर कारकुनाच्या खिडकीपलीकडे कधी जाणं झालं नव्हतं. अहवाल लिहिणारी संशोधक बाई तिशीच्या आतली होती. चौथी मुलाखत तिनंच घेतली होती. चाचांना पाहून ती हसली. "चाचा, बांधून झालं पण?"

"मॅडम, पृष्ठ चौऱ्याऐंशी. हे चौघे मीच."

बाईनं पानाकडे पाहिलं, चाचांकडे पाहिलं आणि उठून दार लावून घेतलं.

"असं मोठ्यानं नका बोलू."

"का?"

"उत्तरदात्याची ओळख गुप्त ठेवायची असते. तसा नियम आहे. तुमच्याच भल्यासाठी."

"बरं, मग हळू बोलतो. हे चौघे मीच."

"मला तसं म्हणता येत नाही."

"तुम्ही कुठे म्हणताय? मी म्हणतोय."

"मला तसं ऐकताही येत नाही, चाचा."

चाचा खुर्चीत बसले. खुर्ची मऊ होती आणि ते तिच्यात जरा बुडाले. "गेल्या वर्षी तुम्ही माझ्या दुकानात, माझ्यासमोर बसला होता. चहा मी पाजला. निदान तेवढं तरी आठवतं की तेही गुप्त?"

बाईला हसू आवरेना. मग तिनं सरळ सांगितलं. चौथी मुलाखत तिची. आधीच्या तीन तिच्या आधीच्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या. कपाटात ठेवताना नावं काढून टाकतात आणि फक्त क्रमांक ठेवतात, म्हणजे उद्या राजकारणातल्या कुणी येऊन ‘हे कोण बोललं’ विचारलं तर कुणालाच सांगता येऊ नये. तिच्या हातात आले ते क्रमांक, वयं आणि व्यवसाय. चार क्रमांक, चार वयं. त्यांचा माणूस एकच आहे हे तिला कळायला वाटच नव्हती.

"म्हणजे मला जपता जपता तुम्ही माझे चार केलेत."

"तसंच झालं असावं. म्हणजे, झालं असेल तर."

"पहिला आला होता त्याला दाढी होती आणि तो छत्री विसरून गेला, ती अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्याचा रेकॉर्डर बंद पडला म्हणून तीच मुलाखत मी दोनदा दिली. तिसऱ्यानं मला समिती सोडल्याचं कारण विचारलं, मी गुडघे सांगितलं."

बाईनं कपाट उघडलं. तीन जुन्या फायली काढल्या, चाचांकडे पाठ करून वाचल्या. दुसऱ्या फाइलवर ती थांबली, तिसऱ्या फाइलवर तिचे खांदे हलले. गुडघे सापडले होते. फायली ठेवून ती वळली आणि म्हणाली, "मला काही सांगता येत नाही." पण ते तिनं अशा सुरात सांगितलं की सगळं सांगून झालं.

"आणि ती म्हण?" तिनं जरा काकुळतीनं विचारलं. "तिच्यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलंय. ती इथली जुनी म्हण नाही का?"

"जुनी आहे की. माझ्या अब्बांची. आमच्या दुकानाबाहेर कधी गेली नव्हती, तुम्ही नेलीत."

"आणि तिचा अर्थ?"

"अर्थ काय असायचा? खळ ओली असली की पान फाटतं. वाळली की खुशाल उलटावं."

"वाळायला किती वेळ लागतो?"

"एक रात्र. ऊन असलं तर चार तास."

बाईनं ते लिहून घेतलं आणि त्याच्याखाली रेघ ओढली. चाचांनाही पहिल्यांदाच वाटलं, की आपण हे पंधरा वर्षं सांगत होतो खरं, पण अर्धंच.

विभागप्रमुखांशी बोलून बाई परत आली ती मार्ग घेऊन. छापलेलं पान बदलता येणार नव्हतं, पण शुद्धिपत्र चिकटवता येईल. चाचांनी लेखी द्यायचं. आणि त्या भागासाठी वस्तीतल्या बायकांशी बोलून चार पानांची पुरवणी जोडायची. बुधवारी ती येईल, चाचांच्याच घरी, कारण दुकानातलं टेबल भिंतीला सरकवलं की तेवढ्या बायकांना बसायला जागा तिथेच.

"एक अट आहे," ती म्हणाली. "तुम्ही घरात नसायचं."

"मी कुठे मध्ये येतो?"

"गेल्या वर्षी मी काकूंशी बोलायला आत गेले, तेव्हा तुम्ही उंबरठ्यावर पुस्तक शिवत बसला होता. मी अकरा प्रश्न विचारले. अकराही उत्तरं उंबरठ्यावरून आली."

चाचांनी आठवून पाहिलं. अकरा होती की बारा एवढाच काय तो वाद घालता आला असता.

बुधवारी संध्याकाळी नऊ बायका आल्या. सून होती, दवाखान्यातली तिची मैत्रीण होती, कोपऱ्यावरच्या शिंप्याची विधवा बहीण होती. दार लागलं. चाचा आपल्याच दुकानाबाहेर, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. ते स्टूल इतकं डुगडुगतं हे त्यांना आजवर माहीत नव्हतं. पंधरा वर्षांत एकाही संशोधकानं तक्रार केली नव्हती. आतून बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मध्येच सगळ्याजणी हसल्या. चाचांनी कान टवकारले. परत हसल्या. अर्ध्या तासानं त्यांना दाभणाची निकड भासली आणि त्यांनी दार वाजवलं. दार चार बोटं उघडलं, बायकोचा हात बाहेर आला, हातात दाभण होतं. दार लागलं.

नमाज संपवून इमामसाहेब आले ते त्यांना बाहेर बसलेलं बघून थबकले. "काय रे, घरातून काढलं?"

"पाहणी चाललीय आत."

"तुझ्याशिवाय?" इमामसाहेब त्याच स्टुलावर शेजारी टेकले. स्टुलाचा तोल सावरला. "मग आज पहिल्यांदाच काहीतरी हाती लागेल त्यांच्या."

दोन तासांनी बाई बाहेर आली. तिची वही भरली होती. चाचांनी बायकोला विचारलं, "काय सांगितलंस?"

"नाव गुप्त ठेवायचं असतं म्हणाली ती."

"नाव मला ठाऊक आहे. काय सांगितलंस ते विचारतोय."

"तेही," बायको म्हणाली आणि कपबशा उचलायला लागली. पस्तीस वर्षांत तिच्याजवळ चाचांपासून लपवलेलं हे पहिलंच काही होतं, आणि ती ते नव्या बांगडीसारखं मिरवत होती.

गुरुवारी सकाळी पुरवणीची पानं आणि शुद्धिपत्राच्या अकरा चिठ्ठ्या आल्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘पृष्ठ ८४ वरील चार उत्तरदाते ही एकच व्यक्ती असल्याचे त्या व्यक्तीने लेखी कळवले आहे. त्यावर आधारलेला निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे.’ पंधरा वर्षांची मुखत्यारकी दोन ओळींत संपली. चाचांनी खळ लावली आणि अकरा वेळा स्वतःला स्वतःच्या हातानं चिकटवलं. सरळ, कडेला कड जुळवून. एकही चिठ्ठी तिरकी गेली नाही.

मग पुरवणीची पानं लावताना त्यांनी वडिलांची शिकवण मोडली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: ‘गृहिणी, वय ५३. "आमच्या घरी म्हणतात, खळ ओली असताना पान उलटू नये. मी तो डबा रोज घासते. खळ एका रात्रीत वाळते. मला कुणी विचारलं नाही, नाहीतर मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच सांगितलं असतं."’

चाचांनी ते दोनदा वाचलं. मग पान पालथं घालून ठेवलं आणि फर्मे शिवायला घेतले. त्या दिवशी त्यांचा टाका नेहमीपेक्षा बारीक पडला.

शुक्रवारी सून आणि आणखी दोघी नगरपालिकेत गेल्या. अधिकाऱ्यानं चौऱ्याऐंशी काढलं, चिठ्ठी वाचली, पुरवणी वाचली, चष्मा पुसला. वाचनालय आठवड्यातून तीन संध्याकाळी साडेआठपर्यंत उघडं राहील असं ठरलं. तीन महिने बघायचं आणि मग पुढचं. सुनेनं पहिल्याच संध्याकाळी घर गाठून कपडे बदलले, वह्या पिशवीत घातल्या आणि जाता जाता दुकानात थांबली.

"अब्बा, मुलांचं जेवण झाकून ठेवलंय. आणि अहवालावर तुमची खळ छान वाळलीय हां."

ती गेल्यावर चाचा बराच वेळ ब्रश धूत राहिले. बायको दिवा लावायला पुढच्या खोलीत आली.

"त्या अहवालात एक गृहिणी आहे," चाचा म्हणाले. "त्रेपन्न वर्षांची. बोललीय मात्र झकास."

"असेल कुणीतरी."

"ओळखीची वाटली."

"मग? ओळखलंत?"

चाचांनी डबा उचलून तिच्या हातात दिला. उद्याची खळ तिनं शिजवली तरी चालेल, असा त्याचा अर्थ होता. तिला तो कळला.

"मला तसं सांगता येत नाही," ते म्हणाले.